मुलांच्या योजना ढीगभर, पण मोट कोणी बांधायची?

सुरसागर_काठी

नमस्कार मंडळी. विषय जरा रुक्ष आहे, पण इथं शिक्षक, वकील आणि सरकारी नोकरीत केस पिकवलेले बरेच जण आहेत, म्हणून धागा काढतेय.

वाडी भागात आम्ही काही जणी संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. येणारी मुलं बहुतेक घरकाम करणाऱ्या बायकांची, त्यातली बरीचशी खानदेशातून बडोद्याला आलेल्या घरांतली. यंदा त्यांतली एक मुलगी आठवी पास होऊन थांबली. वय पंधरा. शाळा आठवीपर्यंतच. नववीसाठी दुसरी शाळा शोधायची, दाखला काढायचा, फॉर्म भरायचा, हे घरच्यांकडून झालं नाही. आता ती आईबरोबर भांडी घासायला जाते.

तिच्यासाठी मी धक्के खायला लागले तेव्हा एक मजेशीर नकाशा समोर आला. शिक्षणवाले म्हणाले, मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते चौदा, ती त्यातून बाहेर पडली. कामगार खातं म्हणालं, चौदा पूर्ण झाल्यावर धोकादायक कामं सोडून बाकी कामाला मनाई नाही. बालसुरक्षावाले म्हणाले, अठरापर्यंत मूल आमचंच, पण आईवडील आहेत, छळ नाही, मग प्रकरण काय म्हणून नोंदवू? आणि गंमत म्हणजे अंगणवाडीच्या यादीत ती आहे! किशोरी म्हणून तिला पूर्णाशक्तीची पाकिटं मिळतात. म्हणजे सरकारला ती माहीत आहे, तिचं वजनसुद्धा लिहिलेलं आहे. ती शाळेत जात नाही हे मात्र त्या नोंदवहीवाल्यांच्या कामाचं नाही.

मग मी राष्ट्रीय बालधोरण २०१३ वाचलं. अठराखालची प्रत्येक व्यक्ती मूल, हे त्यात स्वच्छ लिहिलंय. महिला व बालविकास मंत्रालय मुख्य, आणि त्याच्या मंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली सगळ्या खात्यांचा राष्ट्रीय समन्वय व कृती गट. तसेच गट राज्यात, तसेच जिल्ह्यात. कागदावर काही कमी नाही.

दुसरीकडे राष्ट्रीय युवा धोरण २०१४ : तरुण म्हणजे १५ ते २९. आरोग्य खात्याचा किशोर कार्यक्रम १० ते १९. म्हणजे आमची मुलगी एकाच वेळी मूल आहे, किशोरी आहे आणि तरुणही आहे.

प्रश्न असा : देशपातळीवर हे सगळं जुळवायचं म्हणजे नेमकं कोणी काय करायचं असतं? आणि समिती नेमणं याच्यापलीकडे समन्वय असा काही असतो का?

मांडवीचा_मुलगा

वाचतोय. एवढंच म्हणतो की जिथं सगळे अध्यक्ष असतात तिथं चहा चांगला मिळतो.

निवृत्त_मुख्यसेविका

सुरसागरताई, चांगला धागा. मी आयसीडीएसमध्ये, म्हणजे अंगणवाड्या चालवणाऱ्या बालविकास योजनेत, नोकरी केली, बराच काळ दाहोदच्या बाजूला. समन्वय कुठं होतो आणि कुठं नाही हे खालून बघितलंय, ते सांगते.

होतो तो ममता दिवसाला. बुधवार, अंगणवाडी, सकाळ. आरोग्य खात्याची नर्सबेन लस घेऊन येते, आशा घरोघर जाऊन बायकांना बोलावते, अंगणवाडीची बेन वजन करते, तेडागर, म्हणजे अंगणवाडीची मदतनीस, पोरांना घेऊन येते. दोन खात्यांची माणसं, पण वार एक, जागा एक आणि यादी एक. भांडणं तिथंही होतात, पण ज्या बाळाची लस राहिली त्याचं नाव तिघींनाही ठाऊक असतं. यासाठी कोणाला दिल्लीची बैठक लागत नाही.

आता वय वाढवा. गुजरातेत ग्रामीण भागात अंगणवाडी, प्राथमिक शाळा आणि प्राथमिक आरोग्य हे तिन्ही जिल्हा पंचायतीकडे. म्हणजे डीडीओसाहेब, जिल्हा विकास अधिकारी, तिघांचे वरिष्ठ. आयसीडीएसचा कार्यक्रम अधिकारी, प्राथमिक शिक्षणाधिकारी, आरोग्य अधिकारी एकाच टेबलासमोर बसतात आणि साहेब विचारू शकतात, की अंगणवाडीतून सुटलेली इतकी मुलं, पहिलीत आली इतकी, मधली कुठं गेली? पण आठवी संपली की मूल पंचायतीच्या छपराबाहेर. माध्यमिकचा जिल्हा शिक्षणाधिकारी वेगळा, तो थेट राज्याला बांधलेला. बालसुरक्षा बघणारा समाजसुरक्षावाला वेगळा. कामगार अधिकारी वेगळा. ज्या वयात मूल गळायची भीती सगळ्यांत जास्त, नेमकं त्याच वयात विचारणारं माणूस बदलतं.

शहरात तर याहून विचित्र. अंगणवाड्या महापालिकेकडे, शाळा नगर प्राथमिक शिक्षण समितीकडे, नववी पुन्हा डीईओंकडे, म्हणजे त्याच माध्यमिकच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे.

आणखी एक. वरून समन्वय म्हणून जे येतं ते खाली रजिस्टर होऊन पोचतं. पोषण अभियान २०१८ मध्ये आलं तेव्हा कृती आराखड्यात डझनभर खात्यांची नावं होती. अंगणवाडीच्या बेनच्या हातात काय आलं? मोबाइल. २०२१ पासून त्यात पोषण ट्रॅकर, नोंदी भरायचं अ‍ॅप. तिला मानधन मिळतं, पगार नाही. ती ग्रॅच्युइटीला पात्र आहे एवढं ठरायला सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२२ चा निकाल लागला, आणि तो खटला आमच्या दाहोदचाच. सगळ्या खात्यांचा मेळ जिच्या अंगणात बसवायचा ती स्वतः कोणत्याच खात्याची कर्मचारी नाही, हे जरा डोक्यात ठेवून पुढची चर्चा करा.

मंत्रालयात_होतो

मुख्यसेविकाबाईंचा प्रतिसाद सोन्यासारखा. मी दिल्लीत काही वर्षं काढली आहेत (बालविकासात नाही), म्हणून वरच्या टोकाचं सांगतो.

कोणतं काम कोणत्या मंत्रालयाचं हे कामकाज वाटप नियम १९६१ ठरवतात. तिथं अंगणवाडी एकाकडे, शाळा दुसऱ्याकडे, बालमजुरी तिसऱ्याकडे, लस चौथ्याकडे, क्रीडा आणि युवक पाचव्याकडे, कौशल्य २०१४ पासून सहाव्याकडे, अपंग मुलं सामाजिक न्यायाकडे, आदिवासी निवासी शाळा आणखी कोणाकडे. प्रत्येक सचिव आपापल्या मंत्रालयाच्या पैशाचा हिशेब द्यायला बांधील. कॅगचा आक्षेप आला, लोकलेखा समितीनं बोलावलं, तर तुम्हाला तुमच्या खात्याला मंजूर झालेल्या पैशाचंच विचारतात. शेजारच्या खात्याच्या योजनेशी तुम्ही का जुळवून घेतलं नाहीत, म्हणून कोणाची बढती अडलेली मी पाहिली नाही.

त्यात आणखी एक थर. शिक्षण १९७६ च्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीत, सार्वजनिक आरोग्य आणि पोलीस राज्यांचे. राष्ट्रीय धोरण म्हणजे दिल्लीनं राज्याला केलेलं आवाहन आणि सोबत ६०:४० चा (केंद्राचे साठ, राज्याचे चाळीस) पैसा. पैशाला अटी लावता येतात, तेवढंच हत्यार.

अध्यक्षपदाची गोष्ट मला फार बोलकी वाटते. १९७४ चं पहिलं बालधोरण आलं तेव्हा राष्ट्रीय बालमंडळाचे अध्यक्ष खुद्द पंतप्रधान होते. २०१३ च्या धोरणात अध्यक्ष बालविकास मंत्री. आता एका मंत्र्यानं दुसऱ्या, कदाचित वजनानं मोठ्या, मंत्र्याला बैठकीत विचारायचं की तुमच्या खात्याचं काम मागे का? शिष्टाचारच आड येतो. सचिव स्वतःऐवजी सहसचिव पाठवतात, सहसचिव संचालकाला. संचालक टिपणं घेतो.

रोजमेळ

पैशाची बाजू मी सांगतो, धंदाच तो आहे. २००८-०९ पासून केंद्राच्या अर्थसंकल्पात मुलांसाठीच्या तरतुदींचं वेगळं विवरणपत्र असतं. हल्ली ते १२ क्रमांकाचं. सगळ्या मंत्रालयांच्या मुलांसाठीच्या रकमा एका जागी. सर्वांत मोठा वाटा शिक्षणाचा, मग महिला व बालविकास, बाकीचे बरेच मागे.

लोक याला बालकांचा अर्थसंकल्प म्हणतात. माझ्या मते ती बेरीज आहे. प्रत्येक खात्यानं आपलं आधी ठरवलं, मग कोणीतरी मुलांच्या ओळी उचलून एका कागदावर चिकटवल्या. समोर सगळा पैसा ठेवून, नववीच्या गळतीसाठी इतका इकडून काढून तिकडे टाकू, असं म्हणणारं टेबलच नाही. तरी विवरणपत्र आहे हे बरं. निदान भांडायला आकडे मिळतात.

कोड_आणि_कढी

साधा उपाय : एक मूल, एक क्रमांक. विद्यार्थ्यांचा अपार आयडी आलाच आहे. पोषण ट्रॅकर, शाळांच्या माहितीचं यूडायस, लसीकरणाचं पोर्टल जोडून टाका. आठवीतलं मूल नववीत दिसलं नाही की सिस्टीमच ओरडेल. समित्या कशाला?

रावपुऱ्याची_माई

कोड_आणि_कढी, बाळा, तू कधी शाळेच्या ऑफिसात बसला आहेस का? मी क्लार्क होते. आपल्याकडे शाळेत आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं. आधारवर नाव आधी. महाराष्ट्रातून आलेल्या पोराच्या दाखल्यावर मराठी वळण, इथं गुजराती वळण, आधारवर ज्यानं टाइप केलं त्याच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. एकच पोरगं तीन कागदांवर तीन जणं होतं. त्यात पाच आणि पंधरा वयाला आधारचे ठसे पुन्हा द्यायचे असतात. ज्याचे राहिले त्याचं काम अडतं, आणि ते पुन्हा पंधराव्या वर्षीच!

आणि सिस्टीम ओरडली तर ऐकणार कोण? तोच तर धागा आहे.

कोड_आणि_कढी

माई, ऐकणार कोण हे मान्य. पण न ओरडण्यापेक्षा ओरडलेलं बरं ना? गांधीनगरच्या विद्या समीक्षा केंद्रात रोजची हजेरी दिसते, ते काही वाईट नाही.

रावपुऱ्याची_माई

हजेरी असलेल्याची दिसते रे. जो पटावरच नाही त्याची कशी दिसणार?

अमरेलीपासून

बडोद्याच्या माणसांनी धागा काढायचा आणि महाराजांचं नाव निघायचं नाही, हे कसं चालेल! सयाजीरावांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये आधी अमरेली भागात करून पाहिलं आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्याला लावलं. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९०४ मध्ये, बालविवाह प्रतिबंधाचा कायदा. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. मुलींना शाळेत बसवायचं तर लग्नाच्या वयाला हात घालावाच लागणार. मग १९१० पासून वाचनालयांची चळवळ, फिरती ग्रंथपेटी, म्हणजे शाळेत शिकलेलं पुढं विसरायला नको. एकाच डोक्यातून निघालेली साखळी आहे ही. समन्वय समिती नव्हती.

ब्रिटिश हिंदुस्थानात गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं, ते पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. संस्थानात जे होऊन गेलं होतं ते साम्राज्याला परवडेना.

मंत्रालयात_होतो

राजा होते ते. अर्थखातं, शिक्षणखातं, दंड करणारा वहिवाटदार (तालुक्याचा अधिकारी) सगळे एकाच हुजुरापुढे उभे. लोकशाहीत तो मार्ग नाही, आणि नको आहे. तरी अमरेलीचा मुद्दा घेण्यासारखा : आधी एका तुकड्यावर करून बघा, मग कायदा. आकांक्षित (म्हणजे मागे राहिलेल्या) जिल्ह्यांचा कार्यक्रम २०१८ मध्ये आला त्यात थोडा हा विचार आहे. आपल्या शेजारचे दाहोद आणि नर्मदा त्यात आहेत. शिक्षण, आरोग्य, पोषण यांचे आकडे एकाच तक्त्यात आणि तक्ता कलेक्टरच्या नावावर. निदान एका माणसाला झोप लागत नाही.

निवृत्त_मुख्यसेविका

कलेक्टरला झोप लागत नाही हे खरं, पण त्याच्या नावावर तक्ते किती? निवडणूक, पूर, जमीन, मोर्चे. बालसुरक्षेच्या यंत्रणेवर देखरेख त्याच्याकडे. दत्तकाचे आदेशसुद्धा २०२२ पासून न्यायालयाऐवजी त्याच्याच सहीनं. सगळ्या समित्यांचा अध्यक्ष एकच माणूस, हासुद्धा समन्वयाचा एक प्रकार म्हणा. सकाळी पोषणाची समिती, दुपारी बालसुरक्षेची, बसणारे तेच, इतिवृत्तं दोन.

कारेलीबाग_ते_डब्लिन

बाहेरचं उदाहरण देऊ का? चालणार नसेल तर सोडून द्या.

आयर्लंडमध्ये २०११ मध्ये मुलं आणि तरुण यांच्यासाठी पूर्ण कॅबिनेट दर्जाचं खातं झालं. २०१४ मध्ये राष्ट्रीय धोरणाची चौकट आली, तीत वय ० ते २४. मला आवडलेली गोष्ट वेगळीच. पाच उद्दिष्टं ठरवली : मूल निरोगी असावं, शिकावं, सुरक्षित असावं, घरात पैशाची सोय असावी आणि समाजाशी जोडलेलं असावं. उद्दिष्ट मुलाचं, खात्याचं नव्हे. मग कोणत्या उद्दिष्टाच्या मागं कोणतं खातं उभं राहणार ते नावानिशी सांगितलं. शिवाय काउंटीच्या पातळीवर मुलांच्या सेवांच्या समित्या. बालसंरक्षणासाठी त्याच वर्षी जानेवारीत वेगळी संस्था, टुस्ला.

सगळं गोड नाही. शाळा शिक्षण खात्याकडेच राहिल्या. २०२० मध्ये याच खात्याला समानता, अपंगत्व, निर्वासितांची व्यवस्था हेही जोडलं. युक्रेनची लढाई सुरू झाली तसं मुलांचं खातं राहायच्या खोल्या शोधत फिरायला लागलं. एक खातं केलं की त्याच्या गळ्यात काय काय पडेल ते सांगता येत नाही.

पर्वतीवरून

जपाननंही एप्रिल २०२३ मध्ये मुलांसाठी वेगळी संस्था काढली, पंतप्रधानांच्या अखत्यारीत. तिथंही बालवाड्यांचा एक प्रकार शिक्षण मंत्रालयानं सोडला नाही तो नाहीच.

आणि खात्यांच्या सीमा राज्याराज्यांत वेगळ्या हा आणखी घोळ. आमच्याकडे महाराष्ट्रात आयसीडीएसचं आयुक्तालय नवी मुंबईत, महिला व बालविकासाचं पुण्यात, पण विभाग एकच. तुमच्याकडे बालसुरक्षा कुठं?

सुरसागर_काठी

पर्वतीवरून, आमच्याकडे अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे आणि बालसुरक्षा सामाजिक न्याय विभागाच्या समाजसुरक्षा संचालनालयाकडे. म्हणजे दिल्लीत एका मंत्रालयात बसलेली दोन कामं गांधीनगरला पोचेपर्यंत दोन विभागांत फुटतात. अंगणवाडीच्या पोषण २.० चं पत्र एकीकडे येतं, बालसुरक्षेच्या मिशन वात्सल्यचं दुसरीकडे. अनाथ मुलांना सांभाळणाऱ्या नातेवाइकांना राज्य पालक मातापिता योजनेत महिना ३००० रुपये देतं, तेही समाजसुरक्षेतून. अंगणवाडीच्या बेनला एखादं पोर अनाथ झालेलं सगळ्यांच्या आधी कळतं, पण फॉर्म तिच्याकडे नसतो.

एमएसयूचा_विद्यार्थी

काका-काकू, एक विनंती. तुम्ही सगळे मुलांबद्दल बोलताय, शीर्षकात पण मुलंच. मी २२ चा आहे. आमचं काय?

युवा धोरण २००३ मध्ये तरुण म्हणजे १३ ते ३५ होता, २०१४ मध्ये १५ ते २९ झाला. एका रात्रीत कितीजण म्हातारे झाले असतील. ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांसाठी माय भारत ही संस्था आली, युवक कल्याण मंत्रालयाची. कौशल्याचे कोर्स कौशल्य मंत्रालयाचे. शिष्यवृत्ती सामाजिक न्यायाची. पंतप्रधान इंटर्नशिप योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये आली, तेव्हा वय २१ ते २४, आणि ती कोणाची? कंपनी व्यवहार मंत्रालयाची! मी ते शोधत युवक मंत्रालयाच्या वेबसाइटवर हिंडत होतो.

आणि माझा एक मित्र बालगृहात वाढलाय. अठरा पूर्ण झाल्यावर त्याला नंतरच्या देखभालीची सोय मिळाली, कायद्यात ती २१ पर्यंत आणि काही बाबतीत २३ पर्यंत आहे. ही सोय बालविकासाची. त्याला कोर्स लावायचा कौशल्याकडे, राहायला खोली मिळवायची स्वतःच्या हिमतीवर. कोणत्याही पोर्टलवर "बालगृहातून आलेला" असा रकानाच नाही. त्याच्या वयाचं धोरण आहे, त्याच्या परिस्थितीचं नाही.

रावपुऱ्याची_माई

हे चांगलं बोललास. मित्राला माझ्याकडे पाठव, फॉर्म भरून देईन. खरंच पाठव.

सुरसागर_काठी

सगळ्यांचं वाचून माझं मत आता जरा घट्ट झालंय, मांडते.

सगळी खाती एक करा, हे होणार नाही, आणि झालं तर डब्लिनकरांनी सांगितलेलं होईल. सगळ्यांच्या वर एक समिती, ती तर आहेच. माझं म्हणणं एवढंच की मूल ज्या खात्याच्या हातातून वयामुळे सुटतं, त्या खात्याचं काम पुढच्या खात्यानं त्याला घेतलं असं लेखी आल्याशिवाय पूर्ण धरू नये. अंगणवाडीनं पहिलीचा किंवा बालवाटिकेचा (शाळेतल्या पहिलीआधीच्या वर्गाचा) प्रवेश दाखवावा. प्राथमिक शाळेनं नववी, आयटीआय नाहीतर मुक्त शाळा, काहीतरी दाखवावं. बालगृहानं अठरानंतरचं घर आणि काम दाखवावं. आठवी पास इतके, हा आकडा शाळेच्या यशात धरायचाच नाही. आठवीनंतर पोचले इतके, हा धरायचा.

आपल्याकडे याची सवय आहे. शाळा प्रवेशोत्सव २००३ पासून चालू आहे. मंत्री, सचिव गावात जातात, पहिलीतल्या पोरांना टिळा लावतात. नाटकी वाटतो, पण त्यासाठी आधी अंगणवाडीची यादी निघते आणि पोरं मोजली जातात. हल्ली त्यात नववी आणि अकरावीही धरलीय. तो टिळा लावण्याआधीची यादी कायद्यानं बांधा, टिळा लावा अगर लावू नका.

सहाव्या वर्षाचं मात्र उलट झालं. २०२३ पासून १ जूनला सहा पूर्ण नसतील तर पहिली नाही. उच्च न्यायालयानंही पालकांच्या याचिका फेटाळल्या. निर्णय नव्या शैक्षणिक धोरणाला धरूनच आहे, मला पटतोही. पण जून-जुलैच्या पोरांचं एक वर्ष अधांतरी आलं आणि त्यासाठी बालवाटिका घाईनं उघडल्या. आता पाच ते सहाचं मूल अंगणवाडीचं की बालवाटिकेचं, याची ओढाताण. इथं दोन खाती एका मुलासाठी भांडतात, पंधराव्या वर्षी एकही नाही.

फळा_आणि_खडू

सुरसागरताई, तळमळ समजते, पण मी प्राथमिक शिक्षक आहे, तेव्हा स्पष्ट बोलतो. ही जबाबदारी शेवटी माझ्याच डोक्यावर येणार. मी वर्ग घेतो, बीएलओ म्हणून मतदारयाद्या करतो, जेवणाचा हिशेब ठेवतो. आता आठवी सुटलेल्या पोरांच्या मागं नंदुरबारपर्यंत जाऊ? बापानं काम बदललं, खोली सोडली, मोबाइल बंद. नववीची शाळा माझ्या हातात नाही, तिची फी माझ्या हातात नाही. अधिकार नसताना जबाबदारी म्हणजे नोटीस घ्यायला एक नाव हवं, एवढंच.

शिक्षणहक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांवर खासगी शाळेत शिकलेल्यांचंही बघा. आठवीपर्यंत फी सरकार भरतं, नववीत त्याच बाकावर त्याच मुलाला पूर्ण फी. राज्यानं ज्ञानसाधना शिष्यवृत्ती काढलीय, पण परीक्षा देऊन. ज्याला परीक्षा जमली नाही तो रिक्षावाल्याचा पोरगा मित्र सोडून दुसऱ्या शाळेत जातो किंवा जातच नाही. यात प्राथमिक शिक्षकानं काय करायचं होतं? कायद्याची रेघ चौदावरून अठरावर न्या, अर्धा समन्वय आपोआप होईल. नवं शैक्षणिक धोरण तीन ते अठरा म्हणतंच आहे. कायदा अजून सहा ते चौदावर.

सुरसागर_काठी

सर, जबाबदारी खात्यावर म्हणतेय मी, तुमच्यावर नाही. पण ती खाली घसरत तुमच्यापर्यंत येते हे खरं, आणि त्याला माझ्याकडे आज उत्तर नाही. अठराचा मुद्दा मान्य. मग खर्च राज्यांनी ४० टक्के उचलायचा का, हा रोजमेळ यांचा प्रांत.

रोजमेळ

राज्यं हात वर करतील. पण मागायला काय हरकत आहे.

निवृत्त_मुख्यसेविका

ताई, धोरण होईल तेव्हा होईल. त्या मुलीसाठी सांगते : एनआयओएसच्या, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेच्या, दहावीला किमान वय चौदा, त्यामुळे ती बसू शकते. गुजरात राज्य मुक्त शाळाही आहे. आयटीआयमध्ये काही ट्रेड आठवी पासला चालतात, शिवणकाम त्यातलंच. निवासी हवं असेल तर कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं बघा, २०१८ नंतर बरीच बारावीपर्यंत वाढवलीत. आणि दाखला आधी काढून ठेवा, त्यावरच्या नावाचं माईंनी सांगितलेलं बघून घ्या. आईला एकटीला पाठवू नका, कोणीतरी बरोबर जा.

रावपुऱ्याची_माई

मी जाते. सोमवारी.

अमरेलीपासून

या चर्चेचं काहीतरी करावं असं वाटतं. निवेदनं कचऱ्यात जातात. खासदारांकडून लोकसभेत प्रश्न टाकून घेतला तर? किमान लेखी उत्तर मिळतं. विचारायचं : राष्ट्रीय समन्वय व कृती गटाच्या २०१३ पासून वर्षनिहाय किती बैठका झाल्या, कोण कोण हजर होतं, आणि कोणत्या निर्णयामुळे कोणत्या दुसऱ्या मंत्रालयानं आपली योजना बदलली?

मंत्रालयात_होतो

शेवटचा भाग उत्तम, तोच ठेवा. पद्धत सांगतो. किमान पंधरा दिवसांची नोटीस लागते. दिवसाला तोंडी उत्तराचे वीसच प्रश्न लागतात, लेखीचे २३०. तुम्ही लेखीच मागा, तोंडीच्या चिठ्ठीत नंबर लागायचा नाही. आणि एक अडचण : लोकसभेत मंत्रालयांना वार वाटून दिलेले असतात आणि प्रश्न एका मंत्रालयाच्या नावानंच द्यावा लागतो. पंधरा वर्षांची शाळाबाह्य मुलं असा प्रश्न टाकलात तर बालविकासवाले तो शिक्षणाकडे वर्ग करतील, शिक्षणवाले म्हणतील, माहिती राज्यांकडे असते.

अमरेलीपासून

मग सहा मंत्रालयांना सहा प्रश्न टाकू. मजकूर तोच, वार वेगळे. उत्तरं शेजारी ठेवून बघू.

मंत्रालयात_होतो

एका खासदारांना एका दिवसात किती नोटिसा देता येतात याला मर्यादा असते, पण वार वेगळे असल्यानं जमेल. मजकुरात "संबंधित विभाग" हे शब्द कुठंही नकोत. प्रत्येक ठिकाणी योजनेचं नाव, वयोगट आणि वर्ष लिहा, नाहीतर मोघम उत्तर येईल. मसुदा इथंच टाका, मी तपासतो.

एमएसयूचा_विद्यार्थी

सातवा कंपनी व्यवहारांना टाका. बालगृहातून अठरा पूर्ण करून निघालेल्या किती जणांना इंटर्नशिप मिळाली? तो मसुदा मी लिहितो.